पन्नास सायकल, पंचेचाळीस अंश

सोमवार, ८ एप्रिल २००२

माझ्या हाताने केलेल्या वस्तू :

शिवणयंत्राचं चाक आणि टेपरेकॉर्डरचा काउंटर जोडून केलेलं वाइंडिंग मशीन, एक. त्यावर गुंडाळलेले ट्रान्सफॉर्मर. मोजणं सोडून दिलं. बागायतीतल्या विहिरींवरच्या पंपांसाठी, एक फेज गेली की मोटार बंद करणारी पेटी, दोनशे बारा. शाळेची आपोआप वाजणारी घंटा. पहिल्या वर्षी ती चार मिनिटं पुढे जायची, दुसऱ्या वर्षी मीच दुरुस्त केली, फुकट. देवळाचा अँप्लिफायर. चर्चचा अँप्लिफायर. आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर, कालपर्यंत एक हजार एकशे सेहेचाळीस. प्रत्येकाच्या पाठीवर मी स्वतः कोरलेला नंबर आहे आणि त्या नंबराची नोंद माझ्या रजिस्टरात आहे.

हे लिहायचं कारण, आज वालीवच्या कंपनीत पियुष नावाच्या सव्वीस वर्षांच्या इंजिनीअरने मला विचारलं, "काका, क्वालिफिकेशनमध्ये काय लिहू?"

मी म्हटलं, "दिनानाथ सावे लिही."

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

प्रकरण असं : नायगावला खाडीकडे नवे टॉवर उभे राहतायत. बिल्डर प्रत्येक फ्लॅटमध्ये स्टॅबिलायझर बसवून देणार आहे. सहाशे नग. बनवणार कंपनी, पण डिझाइन माझं आणि पुढच्या पट्टीवर नाव 'सावे'. एकवीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये बसून केलेल्या कामावर पहिल्यांदा छापील नाव येणार. अट एकच. डिझाइनसोबत सिम्युलेशनचा रिपोर्ट पाहिजे, डिझाइन करणाऱ्याच्या सहीचा. म्हणजे सर्किट खरं न जोडता कॉम्प्युटरच्या पडद्यावर जोडायचं, चालवून बघायचं आणि त्याचा कागद काढायचा. अकराशे सेहेचाळीस नग लोकांच्या घरात चालतायत, तो पुरावा नाही. कागद पुरावा.

पियुष म्हणाला, मी करून देतो. मी सीडी मागून घेतली. माझं सर्किट दुसऱ्याच्या हाताने चालणार नाही.

बुधवार, १० एप्रिल

ऋतिकाच्या डिप्लोमासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकलं. टाकलं तिने, मी बाजूला उभा होतो. नंतर तिला उठवून मी बसलो.

पहिली चीड : रेझिस्टर. मी तीस वर्षं रेझिस्टर नागमोडी काढतो. जगात कुठेही नागमोडी रेघ बघितली की माणसाला कळतं, इथे करंटला अडथळा आहे. हे सॉफ्टवेअर काडेपेटीसारखा चौकोन काढतं. चौकोनात काय कळतं? ऋतिका म्हणाली, आमच्या कॉलेजात चौकोनच चालतो. म्हटलं, तुमच्या कॉलेजात बरंच काही चालतं.

ती म्हणाली, पप्पा, प्रेफरन्सेसमध्ये जा, तिथे बदलता येतं. गेलो. बदललं. नागमोडी झाला.

गुरुवार, ११ एप्रिल

सकाळी नवीन पान उघडलं. पुन्हा काडेपेट्या.

ऋतिका जेवायला बसली होती. विचारलं, कोणी हात लावला? नाही म्हणाली. मी म्हटलं, या घरात त्या मशीनवर बसणारी माणसं दोन. एक मी आहे. ती ताट तसंच ठेवून उठली. मनोरमा म्हणाली, "अहो, भांडायचं तर त्या डब्याशी भांडा. तो उलट बोलत नाही आणि जेवतही नाही."

पुन्हा बदललं. दुपारी नवीन पान, पुन्हा काडेपेट्या. ती कॉलेजात होती. मग हे कोणी केलं, याचा विचार करत नाही. काम करतो.

शनिवार, १३ एप्रिल

कालपासून प्रिंटरमध्ये एक कागद पडून होता. सॉफ्टवेअरच्या मदतीचं पान, छापलेलं. शाई काय फुकट येते, म्हणून ओरडलो. मग कागद पाठकोरा आहे का बघायला हातात घेतला, तर एका ओळीखाली पेन्सिलची रेघ. लिहिलंय, की बदललेली आवड, म्हणजे प्रेफरन्स, फक्त चालू पानापुरती असते. कायमची करायची तर खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत खूण करावी लागते.

चौकट मुगाएवढी. करड्या रंगावर करडी.

खूण केली. नागमोडी राहिला. मी शोधून काढलं, हे दुपारी मनोरमाला सांगितलं. ऋतिका पुस्तकात बघत होती.

बुधवार, १७ एप्रिल

सर्किट पूर्ण जोडलं. पुढे शंका राहू नये म्हणून त्याचं मर्म इथे लिहितो. लाईन १८० व्होल्टच्या खाली गेली की रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, उचलतो आणि ट्रान्सफॉर्मरचा वरचा टॅप घेऊन व्होल्टेज चढवतो. १८५च्या वर आली की सोडतो. मधल्या पाच व्होल्टना मी उंबरठा म्हणतो. उंबरठा नसेल तर लाईन १८०वर घुटमळायला लागली की रिले उचल-सोड, उचल-सोड करत सुटतो आणि त्याचे पॉइंट जळतात. बाजारातल्या स्वस्त स्टॅबिलायझरात उंबरठा नसतो. माझ्यात आहे. हा उंबरठा कोणत्याही पुस्तकातून घेतलेला नाही.

सॉफ्टवेअरने लाईन ११० व्होल्टची धरली होती. २३० केली. चालवलं. रेघ अशी आली की पट्टीने मारावी. १८०ला एकदा उचल, १८५ला एकदा सोड. छापलं, सही केली, नेऊन दिलं.

पियुषने रिपोर्ट सगळ्यांना दाखवला. मालक लांबूनच म्हणाले, वा. चहा आला. मी अर्धाच प्यायलो, साखर फार होती.

सोमवार, २२ एप्रिल

पियुषचा फोन. त्याने माझ्या सर्किटातला सत्तेचाळीस मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून तेहेतीसचा घातला, चालवून बघितलं, रेघ तशीच सरळ येते. नगामागे पैसे वाचतात. "काका, सॉफ्टवेअर पण हो म्हणतंय."

फोन आपटला. मग उचलून चालतो का ते बघितलं.

तो कपॅसिटर लाईनचं माप स्थिर धरतो. तो लहान झाला की मापावर लाटा उठतात, आणि लाट उंबरठ्यापेक्षा उंच झाली की उंबरठा असून नसल्यासारखा. हे मला सत्याऐंशी साली कळलं. तेहेतीसचा लावून बघितला होता, रिले टाईपरायटरसारखा वाजला. माझ्या टेबलावर जो रिले वाजतो तो याच्या पडद्यावर का वाजत नाही?

त्या पडद्याला उघडं पाडल्याशिवाय मी राहणार नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

उघडं पाडलं.

तीन दिवस प्रेफरन्सेसची एकूण एक पाटी वाचली. अर्थासाठी डिक्शनरी घेऊन बसलो. पाटीवर पाटी, पाटीच्या आत पाटी. जे सापडलं ते क्रमाने :

विजेची लाईन सेकंदाला साठ सायकलची धरलेली. साठ! आपल्याकडे पन्नास. व्होल्ट बदलताना मला हे दिसलं नाही, कारण तो आकडा चित्रावर दाखवायचा की नाही हीसुद्धा एक आवड आहे आणि ती बंद होती. साठ सायकलला लाटा लहान होतात. लहानच होणार, दोन लाटांमध्ये वेळ कमी.

हवा सत्तावीस अंश. वसईत एप्रिलमध्ये सत्तावीस अंश कुठे असतात ते मला दाखवा. माझ्या शेडमध्ये आज दुपारी एकेचाळीस होते आणि स्टॅबिलायझर बसतो फ्रीजच्या मागे.

टॉलरन्स शून्य. म्हणजे सत्तेचाळीस लिहिलेला कपॅसिटर बरोबर सत्तेचाळीसच. मुंबईच्या इलेक्ट्रिक बाजारात, लोहार चाळीत जाऊन एक पिशवी घ्या आणि मोजा. मी मोजतो. अडतीस पण निघतो.

आणि या सगळ्याला नाव काय, तर वापरणाऱ्याची आवड. पन्नास सायकल ही माझी आवड नाही. ऊन ही माझी आवड नाही. मला विचारून कोणी लाईन टाकली नाही. अमेरिकेत बसलेल्या कोणीतरी आपल्या घरची हवा सगळ्या जगाची हवा म्हणून आत भरून ठेवली, आणि इथला शिकलेला मुलगा पाटी न उघडता म्हणतो, सॉफ्टवेअर हो म्हणतंय.

सगळं बदललं. पन्नास सायकल, पंचेचाळीस अंश, कपॅसिटर वीस टक्के, रेझिस्टर पाच टक्के. मुगाएवढ्या चौकटीत खूण. पियुषचं तेहेतीसचं सर्किट चालवलं. रेघ करवतीसारखी आली. रिले एका सेकंदात अठ्ठावीस वेळा.

छापलं. उद्या त्याच्या तोंडावर.

शुक्रवार, २६ एप्रिल

गेलो नाही.

निघायच्या आधी, तुलनेसाठी जोडावं म्हणून, माझं सत्तेचाळीसचं सर्किट त्याच हवेत चालवलं. शंभर वेळा चालवायला सांगता येतं. दर वेळी ते वेगवेगळे पार्ट उचलतं, जसे पिशवीतून येतात तसे. त्र्याण्णव वेळा ठीक. सात वेळा करवत.

सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे. मशीन बंद करून सुरू केलं. सहा वेळा करवत. परत केलं. आठ.

ऋतिका मागे उभी होती, मला माहीत नव्हतं. म्हणाली, पप्पा, कपॅसिटर खालच्या टोकाला आणि उंबरठ्याचा रेझिस्टरही उलट्या टोकाला, असं एकदम आलं की होत असेल. मी म्हटलं, तुझी परीक्षा आहे ना? ती गेली. शंभरातली सात म्हणजे काय, हे मलाही कळतं.

रविवार, २८ एप्रिल

आज राग रजिस्टरवर काढला.

ऋतिकाला टेबलावर रजिस्टर उघडून बसलेली बघितली. माझं रजिस्टर घरात कोणी उघडत नाही. ती परत आलेले नग बघत होती. रिलेचे पॉइंट जळून परत आलेले, आजवर एकोणऐंशी. मी कधी बेरीज केली नव्हती, तिने केली. प्रत्येकापुढे कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात : खारी हवा.

मी समजावलं. भुईगाव, कळंब, अर्नाळा, सगळा किनारा. समुद्राची हवा तांब्याला खाते, रिलेचे पॉइंट ती खाणारच. गिऱ्हाइकाला मी तेव्हाच सांगतो, खिडकीपाशी ठेवू नका, तरी ठेवतात. ती ऐकून घेत होती. मग तिने एका ओळीवर बोट ठेवलं.

"पप्पा, पारोळला समुद्र कुठे आहे?"

पारोळ डोंगराकडे. वसईच्या किनाऱ्यापासून वीस किलोमीटर आत. तो नग सत्त्याण्णव सालचा. त्याच्याही पुढे मी खारी हवा लिहिलं होतं.

मी तिला काय बोललो ते इथे लिहीत नाही. मनोरमाही मध्ये पडली नाही, यावरून मी फारच बोललो असणार. ऋतिका रडली नाही. रजिस्टर बंद करून, पट्टीने कडा सरळ करून, जागेवर ठेवून गेली. ही सवय तिने कोणाकडून घेतली कोण जाणे.

मंगळवार, ३० एप्रिल

भुईगावला इझाबेल टीचरकडे गेलो. शाळेतून रिटायर झाल्या आहेत, एकट्या राहतात, मुलगा कुवेतला. माझा नऊशे चारवा नग त्यांच्याकडे. दोनदा परत आला होता. दोन्ही वेळा खारी हवा.

म्हटलं, सहज आलो, नग बघतो. टीचर म्हणाल्या, बघ, फ्रीजमागून काढून कपाटात ठेवलाय. विचारलं का? म्हणाल्या, तुला सांगायचं राहिलं, संध्याकाळी बागेतले पंप सुरू झाले की तो कटकटायचा. आधी वाटलं उंदीर. मग मागच्या वर्षी फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला. तीन मेकॅनिकना विचारलं, तिघेही म्हणाले स्टॅबिलायझरमुळे. मी त्यांना म्हटलं, दिनानाथचा आहे, असं होणार नाही.

"मला का नाही सांगितलंत, टीचर?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?" त्या हसून म्हणाल्या. "खिडकीला तर मी खिळे मारून घेतले होते, तुझ्या सांगण्यावरून. दोन उन्हाळे बंद खिडकीत काढले."

खिडकी बघितली. खिळे चार. मी पकड मागून घेतली आणि काढले. लाकूड फुगलं होतं, एक तुटला. त्यांनी केळी दिली, ती नको म्हणता येईना.

नग घेऊन आलो.

शुक्रवार, ३ मे

नऊशे चारवा नग पत्र्याच्या डब्यात ठेवला, आत शंभरचा बल्ब, थर्मामीटर लावून पंचेचाळीस अंश केले. व्होल्टेज कमी-जास्त करायच्या व्हेरिअकवरून लाईन १८०वर आणून धरली. वाजला. टाईपरायटर. पाठीवर माझ्या हाताने कोरलेला नंबर.

नग जोडतो शेडमध्ये, पण तपासायचं टेबल घरात, खोलीतल्या पंख्याखाली आहे आणि तपासताना मी नेहमी नवीन, मोजून निवडलेले पार्ट घालतो. एकवीस वर्षं मी माझा नग माझ्या हवेत तपासला.

राग कोणावर काढावा हे आज कळलं नाही. मनोरमाने चहा दोनदा आणला, दोनदा परत नेला.

संध्याकाळी शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला आणि उंबरठा पाचाचा आठ व्होल्ट केला. डब्यात गप्प. सॉफ्टवेअरमध्ये शंभरातले शंभर गप्प. दोनशे करून बघितलं. दोनशे. खर्च नगामागे अकरा रुपये.

मग रजिस्टर घेतलं. खारी हवा, एकोणऐंशी जागी, पट्टी ठेवून एकेक रेघ मारली. पुढे : डिझाइन. खाली तारीख आणि सही, दर वेळी. खाडाखोड मला आवडत नाही, पण खाडाखोडीवर सही नसणं त्याहून वाईट.

शनिवार, ४ मे

नवीन रिपोर्ट तयार केला. पहिल्याच पानावर सगळ्या सेटिंग लिहिल्या : किती सायकल, किती अंश, किती टॉलरन्स. हे कोणी मागितलं नव्हतं. मागायला पाहिजे होतं.

चित्राच्या कोपऱ्यात दोन रकाने असतात, काढणार आणि तपासणार. रकाना रिकामा ठेवणं ही चूक असते. म्हणून तपासणारच्या पुढे ऋतिका दिनानाथ सावे असं टाकलं. तिला सही करायला बोलावलं. तिने आधी सगळी पानं वाचली, मग सही केली. एका ठिकाणी मी अंशाचं चिन्ह विसरलो होतो, ते तिने दाखवलं. बरोबर होतं.

मग तिने विचारलं, आधीच्या रिपोर्टचं काय करणार? म्हटलं, परत मागणार.

सोमवार, ६ मे

अकरा वाजता कंपनीत. या वेळी मालक स्वतः बसले होते, पियुष बाजूला. मी त्यांच्या फाइलमधून आधीचा रिपोर्ट मागवला, शेजारी नवा ठेवला आणि सांगितलं, सतरा एप्रिलचा कागद खोटा आहे. आकडे खरे आहेत, पण ते नायगावच्या फ्लॅटमधले नाहीत. माझ्या जुन्या डिझाइनमध्ये दोष आहे. हा नवा, नगामागे अकरा रुपये जास्त.

हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं. शेजारच्या टेबलावरचा टाईप करणारा माणूस थांबला.

मालक गोड बोलणारे आहेत. म्हणाले, सावेसाहेब, तुमचा प्रामाणिकपणा मानला. पण बिल्डरला आधीच्या रिपोर्टची झेरॉक्स गेलीय, मंजूर झालीय, भाव ठरलाय. अकरा रुपये सहाशेवर थांबत नाहीत, पुढे त्याचे आणखी चार प्रोजेक्ट आहेत. पियुषचा तेहेतीसचाच जाऊ द्या. शंभरात काही कटकटले तर वॉरंटी वर्षाची, बघू तेव्हा.

मी म्हटलं, कॉम्प्रेसर दुसऱ्या वर्षी जातो.

पियुष मान खाली घालून म्हणाला, "काका, इतकं कोण बघतं? सगळे डीफॉल्टवरच चालवतात." त्याच्यावर ओरडणार होतो. पण तीन आठवड्यांपूर्वी मीसुद्धा डीफॉल्टवरच सही केली होती. त्याला म्हटलं, निदान पाटी उघडून बघत जा. एवढंच.

मग मालकांनी ड्रॉवर उघडला. त्यांचं म्हणणं असं : पुढच्या पट्टीवर नाव 'सावे' राहील. मी पुन्हा कारखान्यात यायची गरज नाही. सतरा तारखेच्या सेटिंगवर चालवलेला तेहेतीसचा रिपोर्ट पियुषने छापून ठेवलाय, त्यावर सही करायची आणि हा नवा कागद घरी घेऊन जायचा. चेक तयार होता, नाव बरोबर लिहिलेलं, दिनानाथ काशिनाथ सावे. माझ्या वडिलांचं नाव त्यांनी कुठून काढलं माहीत नाही.

मी सही केली नाही. पट्टीवरून माझं नाव काढा म्हणालो, आणि सतरा एप्रिलचा कागद परत घेतला.

दोन लाख दहा हजार रुपये.